अठरा मार्चचे मासे

जबाब देणार: श्रीमती विजया दिलीप खांबेटे, वय ६४ वर्षे, व्यवसाय: सेवानिवृत्त, पूर्वी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखापरीक्षक, राहणार: शालुक आवासन, चौथा मजला, सॉल्ट लेक, कोलकाता. मूळ गाव सातारा.
जबाबाची भाषा: मराठी. लिहून घेणार व दुभाषी: श्री. अजेय वर्तक, बँक अधिकारी, सध्या बदलीवर कोलकाता.
दिनांक: २९ मार्च २०२५, शनिवार.

मी वर लिहिलेली विजया खांबेटे, आज कोणी बोलावले नसताना आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, साहेबांसमोर बसून सांगते ती हकिगत अशी:

मी या शहरात एकतीस वर्षे राहत आहे. बंगाली मला समजते आणि बाजारात भांडण्यापुरते बोलताही येते. तरी जबाब मराठीत देते, कारण दुसऱ्याच्या भाषेत अवघड गोष्ट सांगताना माणूस सोप्या शब्दाकडे घसरतो. मेजोबाबूंनी, म्हणजे ठाण्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या साहेबांनी, याला हरकत घेतली नाही. वर्तक यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीची आमंत्रणे ते लिहितात, अक्षर बरे आहे आणि तोंड बंद ठेवतात, म्हणून त्यांना सोबत आणले आहे.

आमच्या इमारतीमागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, पंचानन मंडल नावाचा इसम मासे पाळतो. त्याने तळ्याकाठच्या मत्स्यगरुडाला विषारी मासे घातले या संशयावरून तो १८ मार्चपासून अटकेत आहे. त्याने हे केलेले नाही. त्या दिवशीचे मासे त्याने दिलेले नव्हते. ते कोणी दिले हे मला ठाऊक आहे आणि तेच सांगायला मी आले आहे. मेजोबाबू म्हणाले, आधी नाव सांगा. मी म्हटले, क्रमाने सांगते, क्रमाने आले की नाव येईल. ते नाव घेणे मला जड आहे, एवढे समजून घ्यावे.

पुकुराच्या काठाला सावरीचे एक जुने झाड होते. इथले लोक त्याला शिमुल म्हणतात. त्यावर गेली सात-आठ वर्षे करड्या डोक्याच्या मत्स्यगरुडाची जोडी हिवाळ्यात घरटे करीत असे. हा पक्षी घारीपेक्षा मोठा, पोट आणि मांड्या पांढऱ्या, शेपटी पांढरी आणि तिच्या टोकाला काळा पट्टा. ओरडणे मात्र अगदी बेसूर. घसा बसलेल्या म्हाताऱ्याला हसू आवरू नये तसे. त्याला राहायला मोठे झाड आणि मासे असलेले पाणी शेजारी शेजारी लागते, आणि आमच्या भागात आता यातले एक मिळाले तर दुसरे मिळत नाही. वनखात्याच्या शुभ्रा घोषाल मला म्हणाल्या होत्या की त्यांच्या माहितीत या बाजूला हे एवढेच घरटे उरले आहे. कायद्याने हा पक्षी वाघाइतकाच जपलेला आहे, असेही त्यांनीच सांगितले.

ही जोडी प्रथम माझ्या पतींनी पाहिली. ते पक्ष्यांचे नादी वगैरे नव्हते, पण या जोडीचे होते. रोज सकाळी चहा घेऊन गच्चीवर जात आणि आल्यावर "आज साहेब उशिरा उठले" असे काहीतरी सांगत. ते तीन वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर गच्चीची किल्ली माझ्याकडे राहिली.

पुकुरापलीकडची मोकळी जागा गेल्या वर्षी एका खासगी बांधकाम कंपनीने घेतली. माझा मुलगा मंदार, वय ३६, त्या कंपनीत नोकरीला आहे आणि याच कामाची देखरेख त्याच्याकडे आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, मागाहून कोणी म्हणायला नको की बाईंनी लपवले. त्या जागेत मालाच्या गाड्या नेण्यासाठी रस्ता हवा होता आणि रस्त्याच्या मधोमध सावर होती. झाड तोडण्याची परवानगी कंपनीने आधीच काढलेली होती. वनखात्याने घरटे पाहिल्यावर तिला स्थगिती दिली. घरट्यात पक्षी आहे तोवर झाडाला हात लावायचा नाही, असा आदेश निघाला. पक्षी दर वर्षी तिथेच येतो म्हणून झाड कायमचे राखावे, असाही अर्ज शुभ्रा यांनी वर पाठवला होता. त्याची सुनावणी एप्रिलात होणार होती.

मंदार रविवारी जेवायला आला की या गोष्टीवरून चिडत असे. वरिष्ठ त्याला रोज विचारत, पाखराने काम अडवले की तू? तो मला म्हणायचा, "आई, ते घरटं एकदा रिकामं झालं की मी सुटलो." मी म्हणायचे, होईल रे, पिल्लू उडालं की होईल. मी त्याच्या बोलण्याचा तेवढाच अर्थ घेतला.

सरस्वती पूजेच्या, म्हणजे वसंतपंचमीच्या, सुमारास मुलांनी पतंग उडवले. त्यातल्या एका मांज्यात गरुडाची मादी अडकली आणि पंख चिरून तारेला लोंबकळत राहिली. वनखात्याने तिला उतरवून उपचार केंद्रात नेले. ती जगली आहे, पण पुन्हा उडणार नाही. घरट्यात एक पिल्लू होते. एकट्या नराला घरटे राखणे आणि मासे धरणे दोन्ही जमेना. तेव्हा शुभ्रा यांनी ठरवले की आमच्या गच्चीवर, घरट्याच्या समोर, एका ट्रेमध्ये रोज सकाळी ताजे छोटे मासे ठेवायचे. नर ते उचलून नेईल. मासे पंचाननने द्यायचे आणि ट्रेमध्ये मी ठेवायचे, कारण किल्ली माझ्याकडे आणि पहाटे उठणारी आवासनात, म्हणजे आमच्या वसाहतीत, मीच.

आता माझी अडचण सांगते. आम्ही माहेरी-सासरी दोन्हीकडे शाकाहारी. आवासनातल्या बायकांनी एकतीस वर्षांत मला चारशे वेळा तरी इलिश मासा खाऊन पाहायला सांगितले असेल. मी खाल्ला नाही. मासळी बाजाराच्या दारात मी कधी पाऊल टाकलेले नाही. मासा समोर आला की मला उमळून येते. म्हणून मी माशांसाठी एक लांब चिमटा वेगळा आणला, तो गच्चीवरच ठेवला आणि डबा उघडण्यापूर्वी श्वास रोखून धरण्याची सवय लावून घेतली. डबा उघडायचा, मासे ट्रेमध्ये टाकायचे, झाकण लावायचे, पाण्याच्या टाकीपलीकडे जायचे आणि मग श्वास सोडायचा. त्यानंतर खाली येऊन पुन्हा आंघोळ. हसण्यासारखे आहे. शुभ्रा हसल्या होत्या. मेजोबाबूही आत्ता हसले, त्यांना मी दोष देत नाही.

फेब्रुवारीत एकदा मंदार सकाळी आला होता. मला तसे करताना पाहून त्याने चिमटा बाजूला ठेवला, हाताने मासे उचलून ट्रेमध्ये मांडले आणि म्हणाला, "आई, श्वास घे. निळी पडशील." तो इथेच वाढला आहे आणि मासे खातो. घरात नाही, बाहेर खातो. मला हे माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

पंचानन मंडल याच्याविषयी. तो भांडखोर माणूस आहे. त्याची ओली जाळी तो आमच्या भिंतीवर वाळत घालतो, यावरून आमची दहा वर्षे जुंपलेली आहे. मला तो माशिमा, म्हणजे मावशी, म्हणतो आणि मी त्याला पंचाननबाबू म्हणते, पण त्यात प्रेम शोधू नये. गरुड त्याच्या तळ्यातले मासे उचलतो म्हणून तो गरुडावरही चिडत असे. मार्चच्या सुरुवातीला नराने त्याचा विणीसाठी राखलेला एक मोठा मासा नेला, तेव्हा तो काठावर उभा राहून ओरडला, "एक दिन ओके बिष देबो, देखबेन!" म्हणजे एक दिवस मी याला विष घालणार, बघाच. हे सर्व आवासनाने ऐकले, मीही ऐकले. ते त्याने म्हटलेले आहे, मी ते पुसणार नाही.

पण त्याच दिवशी पुढे काय झाले तेही लिहावे. मी गच्चीवरून म्हटले, "मग उद्यापासून मासे आणू नका, पंचाननबाबू. मी दुसरीकडून बघते." त्यावर तो म्हणाला, "तो तर बाळाचा मासा, माशिमा. त्याचा यात काय संबंध?" दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला, डबा ठेवला आणि माझ्याशी न बोलता गेला. एकही दिवस त्याने चुकवला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आमच्यात म्हणतात. पंचानन काही संन्यासी नाही. पण या प्रकरणात तो चोरही नाही.

दोलपौर्णिमेनंतर, म्हणजे होळीनंतर, तो सासुरवाडीला गेला. सोमवारी, १७ मार्चला, जाताना त्याने सांगितले की मंगळवारी सकाळी मी नसेन, दुपारपर्यंत येतो, तेवढ्यापुरते तुम्ही बघा. मी बाजारात जाणे शक्य नव्हते. मी मंदारला फोन केला. मी म्हटले, "उद्या ऑफिसला जाताना मूठभर छोटे मासे आणून दे रे. ताजे आण, तुला कळतं त्यातलं." तो बरं म्हणाला. म्हणजे मासे आणायला त्याला मीच सांगितले होते. हे मला कोणी विचारलेले नाही, तरी सांगते.

मंगळवार, १८ मार्च. मंदार दिलीप खांबेटे, नाते: मुलगा, साडेसहाच्या सुमारास आला. हातात झाकणाचा निळा डबा होता. एरवी तो आत येतो, स्वयंपाकघरात डोकावतो, डब्यातली चकली तोंडात टाकतो. त्या दिवशी तो दारातच थांबला. मी म्हटले, चल वर, तूच मांड, तुझ्या हाताने पटकन होतं. तो म्हणाला, "नको, उशीर होतोय." डबा त्याने उंबऱ्यावर ठेवला. मग मात्र आत येऊन बेसिनपाशी बराच वेळ हात धुतले. चहा घेतला नाही. माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. मला वाटले, ऑफिसात पुन्हा काही बिनसले असेल.

मी गच्चीवर गेले, श्वास रोखला, चिमट्याने मासे ट्रेमध्ये टाकले. नर टाकीच्या कठड्यावर वाट पाहतच होता. माझी त्याला सवय झाली होती, मी चार हातांवर असले तरी तो उडत नसे. मी खाली आले आणि आंघोळ केली. इथे क्रमात आणखी एक गोष्ट येते. ती मी मुद्दाम मागे ठेवते आहे. ती शेवटी सांगेन.

चहा करून मी परत वर गेले तेव्हा ट्रेमध्ये दोन-तीनच मासे उरले होते. नर घरट्यात होता आणि पिल्लू त्याच्या पायातला मासा ओढत होते. पिल्लू आता बापाएवढे झाले होते, फांदीवर उभे राहून पंख मारायचे. शुभ्रा म्हणाल्या होत्या, या आठवड्यात उडेल. थोड्या वेळाने ट्रेजवळ एक कावळा आडवा पडलेला दिसला, मग दुसरा. मला आधी वाटले उन्हाने झाले असेल. तेवढ्यात नर घरट्यातून निघाला. तो टाकीकडे येत होता. मध्येच त्याचे पंख एकमेकांशी जुळेनात आणि तो तळ्याच्या पाण्यात पडला. मासा धरायला पडतो तसा नाही, तर टाकलेले पोते पडावे तसा. पाण्यात त्याने काही वेळ धडपड केली. मी ओरडले. खाली कोणी नव्हते. पिल्लू घरट्याच्या काठावर आले, त्याने मान मागे टाकली, चोचीतून पाणी गळत होते. मग ते घरट्यातच बसले आणि त्याचे डोके काठीवरून बाहेर लोंबत राहिले. ते किती वेळ तसे होते हे मला सांगता येणार नाही. मी तिथून हलले नाही.

शुभ्रा घोषाल यांना मीच फोन केला. त्या त्यांच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी ट्रेमधला उरलेला मासा उचलला आणि लगेच तोंड फिरवले. शेतात टाकतात त्या कीटकनाशकाचा वास इतका होता की, ते म्हणाले, दारातूनच कळायला हवे. शुभ्रा माझ्याकडे वळल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "माशिमा, तुम्हाला वास नाही आला?"

आवासनात बेचाळीस घरे आहेत. त्यातल्या कोणत्याही बाईच्या हातात तो डबा दिला असता तर तिने झाकण उघडताक्षणी तो फेकून दिला असता. गेले सहा आठवडे मासे मांडायला त्यांनी नेमकी अशी बाई निवडली होती जिला सगळ्याच माशांचा वास सारखा.

त्यानंतर आपल्या ठाण्याचे लोक आले. त्यांनी मला विचारले, मासे कोण देतो? मी सांगितले, पंचानन मंडल. हे उत्तर खरे होते. आज कोणी दिले, असे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पंचानन दुपारी गावाहून परत आला, त्याला संध्याकाळी नेले. तो ओरडत होता की आज मी मासे दिलेलेच नाहीत, माशिमांना विचारा. मी खिडकीत होते. मला वाटले, मंदारला भेटून एकदा विचारू, मग सांगू. मी आयुष्यभर लोकांची खाती तपासली. नसलेले लिहायचे नाही आणि असलेले सोडायचे नाही, हे मी हाताखालच्या पोरांना घोकून घेत असे. ते इथे माझ्याकडून झाले नाही.

घरटे रिकामे असल्याचा अहवाल गेला. शुक्रवारी, २१ तारखेला, सकाळी सावरीला करवत लागली. फुलांचा हंगाम होता. तळ्याच्या पाण्यावर लाल फुले पसरली होती. दुपारपर्यंत झाड नव्हते.

रविवारी मंदार जेवायला आला. पूर्वी कधी नव्हे इतका मोकळा बोलत होता. मी वरणभात वाढला आणि विचारले, "त्या दिवशीचे मासे कुठून आणलेस?"

"बाजारातून."

"कुठल्या?"

"आई, मासे म्हणजे मासे. तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच विचारते."

तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, साइटवरच्या एका माणसाने डबा दिला होता. कोणी, ते सांगितले नाही. "मला दिला, मी तुला दिला. आत काय आहे ते मला कसं माहीत असणार?"

मी म्हटले, "मग हेच ठाण्यात जाऊन सांग. पंचानन आत बसलाय."

"त्याला काय होणारेय गं? दोन महिने. परत येईल, मासे पाळेल. माझं काय होईल कळतंय का तुला? सानिकाला पाचवा महिना लागलाय."

सानिका म्हणजे माझी सून. तिच्या डोहाळजेवणाला कोणती साडी घ्यायची, हे आमचे त्याआधीच्या रविवारी ठरले होते.

मी वरणाचे भांडे झाकून ठेवले. त्यावर तो आवाज खाली करून म्हणाला, "आई, पक्षीच होता ना."

मी म्हटले, "दोन होते."

तो ताटावरून उठला. पाट सरकवून ठेवला, ताट मोरीत ठेवले. लहानपणापासूनची सवय आहे, रागातही ताट उचलतो. जाताना म्हणाला की तुला कोणी विचारलेलं नाहीये, तर तू आपणहून काही करू नकोस. त्यानंतर सहा दिवस मी कोणाला काही सांगितले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओठ चावला गेला म्हणून दात कोणी पाडत नाही, हे मी स्वतःला रोज सांगत होते.

पंचाननची बायको रोज या ठाण्याच्या बाहेर पायरीवर बसते, हे मला भाजीवाल्याकडून कळले. आज आत येताना ती होती. तिला वाटते की मी तिच्या नवऱ्याविरुद्ध सांगायला आले आहे. तरी तिने पायरीवर मला वाट करून दिली आणि म्हणाली, "साबधाने, माशिमा." सांभाळून या, असे. मला खूप लाज वाटली. वर्तक यांनी "संकोच वाटला" असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले आहे.

मेजोबाबूंनी विचारल्यावरून सांगते: निळा डबा माझ्याकडेच होता, तो आज मी पिशवीत घालून आणला आहे आणि टेबलावर ठेवला आहे. सोबत चिमटा आहे. दोन्ही धुतलेले नाहीत. आमच्या घरात न धुतलेले भांडे इतके दिवस राहिले, असे आजवर झालेले नाही. डब्याला बोटांचे ठसे असतील तर ते माझे आणि माझ्या मुलाचे असतील. डबा त्याला कोणी दिला हे मला माहीत नाही. कंपनीतील कोणावर माझा आरोप नाही, कारण मी कोणाला पाहिलेले नाही. मी फक्त उंबऱ्यावर डबा ठेवणाऱ्याला पाहिले.

मेजोबाबूंनी पुढे विचारले की तुमचा मुलगा म्हणतो त्याप्रमाणे त्याला खरेच माहीत नसेल, तर? मीही सहा दिवस हेच धरून बसले होते. आता जी गोष्ट मागे ठेवली होती ती सांगते.

१८ तारखेला मी गच्चीवरून खाली येऊन आंघोळ करून बाहेर आले तेव्हा माझा फोन वाजत होता. मंदारचा होता. गाडीत असावा, मागे रस्त्याचा आवाज येत होता. त्याने विचारले, "आई, हात धुतलेस ना?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"साबणाने धुतलेस ना? नीट? दोन्ही?"

मी म्हटले, "अरे, आंघोळ केली मी. माहीत नाही का तुला?"

तो म्हणाला, "बरं." पण फोन लगेच ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. नंतर ठेवला.

त्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला नर दिसत होता. तो जिवंत होता. पिल्लू ओरडत होते. एक कावळासुद्धा अजून पडला नव्हता. त्या माशांत काही आहे हे त्या घटकेला मला ठाऊक नव्हते, शुभ्रा यांना नव्हते, आपल्या ठाण्यात कोणाला नव्हते. माशाचा नुसता स्पर्श झाला तरी मी डोक्यावरून आंघोळ करते हे मंदारला लहानपणापासून ठाऊक आहे. छत्तीस वर्षांत त्याने मला हात धुतलेस का असे कधी विचारलेले नाही.

मी मासा समोर आला की श्वास रोखते, मला वास येणार नाही, हे दोनच माणसांना ठाऊक होते. त्यातल्या एक शुभ्रा, त्यांनी ते हसण्यावारी नेले.

फोन आल्याची नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे, ती दाखवली आहे. त्यातले शब्द कुठेही नाहीत. ते फक्त माझ्याकडे आहेत आणि ते मी आज इथे दिले आहेत. त्याला माझी काळजी वाटली म्हणून त्याने फोन केला. हेही खरे आहे आणि हेही लिहावे.

उद्या पाडवा आहे. आमच्या गच्चीवर गुढी दर वर्षी मंदार बांधतो, मला हात पोचत नाही. उद्या त्याला घरी शोधायला जायचे असेल तर त्याआधी माझ्या सुनेला कोणीतरी बाईमाणसाने सांगावे, एवढी माझी विनंती आहे. ती जबाबात बसत नसेल तर वेगळी लिहून घ्यावी.

सर्व लिहून झाल्यावर वर्तक यांनी हे मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले आणि मेजोबाबूंना बंगालीत समजावून सांगितले. डबा आणणाऱ्याच्या नावापाशी ते थांबले आणि म्हणाले, काकू, इथे नुसते "माझा मुलगा" एवढेच ठेवू का? मी नको म्हटले. मंदार दिलीप खांबेटे असे पूर्ण लिहायला लावले आणि त्यापुढे, नाते: मुलगा. मी बोलले तेच कागदावर उतरले आहे. नसलेले घातलेले नाही, असलेले सोडलेले नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणला होता तो मी मानलेला नाही. पंचानन मंडल यास सोडावे.

सही: विजया दिलीप खांबेटे
समक्ष वाचून दाखवले: अजेय वर्तक